पित्त उठलंय, दुसरं काही नाही

आपल्याकडे अंगावर काहीही उठलं की त्याचं निदान डॉक्टरच्या आधी झालेलं असतं. गांधी आल्या तर पित्त, पाणी भरलेले फोड आले तर नागीण, लहान मुलाच्या अंगावर बारीक पुरळ दिसलं तर गोवर, आणि यातलं काहीच बसत नसेल तर उष्णता आहेच. पोटात दुखत असेल तर लोक किमान विचारतात तरी, कुठे दुखतंय, काय खाल्लं होतंस वगैरे, पण कातडी पडली सगळ्यांना दिसणारी, त्यामुळे तिच्यावर मत द्यायला कुणाला परवानगी लागत नाही. जिन्यात भेटलेल्या काकू, इस्त्रीवाला, बँकेच्या रांगेत मागे उभा असलेला माणूस, प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार. आमसुलाचं पाणी लावा, गेरू फासा, कडुलिंबाचा पाला टाकून आंघोळ करा. आणि हे उपाय बऱ्याचदा लागूही पडतात, कारण बहुतेक पुरळं आपली आपणच जातात आणि श्रेय आमसुलाला मिळतं. माझं आमसुलाशी काही वाकडं नाही, सोलकढी मी वाटीभर जास्तच पिते, पण एक प्रश्न या सगळ्या तज्ज्ञ मंडळींपैकी कुणीच विचारत नाही आणि तो म्हणजे, गेल्या महिन्याभरात गोळी कुठली घेतली होतीस?

हे डोक्यात बसलं ते आमच्या मामामुळे. मामा पिंपरीच्या एचए कंपनीत होता, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये. १९५४ साली सुरू झालेली सरकारी कंपनी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभी राहिली, आणि देशात सरकारी कारखान्यात पेनिसिलीन बनायला लागलं ते इथं. मामा तिथं स्टोअर्सला, त्यामुळे औषधांशी त्याचा संबंध खोक्यांपुरता, पण समस्त नातेवाईक त्याला निम्मा डॉक्टर मानायचे आणि उरलेला निम्मा तो स्वतः मानायचा. कुणाला ताप आला की आधी फोन मामाला.

तर या मामाच्या खालच्या ओठाच्या कडेला एक डाग होता. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, चांगला गोल, काळपट जांभळा. एरवी नुसता डाग असायचा, पण मधूनच एखाद्या दिवशी तो चिडायचा, म्हणजे लालसर जांभळा व्हायचा, आग व्हायची, एकदोनदा तर फोडच आला, मग आठवड्याभरात सालं निघून परत काळा पडायचा, आधीपेक्षा जरा जास्तच काळा. मामीला पक्की खात्री होती की हे सिगारेट ओढतात. मामानं आयुष्यात सिगारेट ओढली असेल तर एचएच्या पिकनिकला वगैरे, पण काळा ओठ दिसल्यावर कोण ऐकतंय, मामी त्याचे शर्ट धुवायला टाकायच्या आधी हुंगायची. मग तसाच एक डाग अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे आला, आणि अजून एक आला तो कुठे आला हे मामानं आम्हाला कुणालाच सांगितलं नाही, ते नंतर कळलं.

घरातल्या बायकांनी मात्र निरीक्षण चोख केलं होतं, याचं मला अजून कौतुक वाटतं. डाग कधी चिडतो? लग्नाला जाऊन आलं की. मंगल कार्यालयातलं जेवण, मठ्ठा, मसालेभात, त्यावर बासुंदी, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठ पेटलेला. निष्कर्ष: यांना बाहेरचं दूध चालत नाही. मग बासुंदी बंद झाली. तरी डाग आला, मग पनीर बंद झालं. तरी आला. मग तेल. एका भाच्याच्या लग्नात मामा फक्त वरणभात खाऊन उठला आणि तरी डाग आला, तेव्हा मामी म्हणाली यांना आता लग्नच चालत नाहीत.

शेवटी मामीच्या गुडघ्यांसाठी म्हणून गेलो होतो त्याच इमारतीत स्किनचा दवाखाना होता, तिथं मामाला जवळजवळ ढकलतच नेलं. डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल. तिनं आधी भिंग लावून ओठ बघितला, मग बोटांमधला डाग, मग बॉलपेन घेऊन त्या हातावरच्या डागाभोवती एक गोल काढला, का ते तेव्हा कळलं नाही. आणि मग विचारलं, "काका, डाग चिडायच्या आधी पोट बिघडलेलं असतं का?"

मामा म्हणाला, लग्नात जेवलं की बिघडतंच की कुणाचंही. "मग काय घेता त्यावर?" गोळी. कुठली? जुलाबाची. नाव? नाव काय, जुलाबाची गोळी. मामीनं पर्समधून स्ट्रिप काढली, म्हणजे स्ट्रिपचा तुकडा. मेडिकलवाल्यानं कात्रीनं चार गोळ्या कापून दिलेल्या, त्यातल्या दोन शिल्लक, आणि मागच्या चंदेरी कागदावर नावाचं शेवटचं दीड अक्षर आणि एमआरपी. नाव सगळं दुकानातल्या अर्ध्या तुकड्यावर राहिलेलं. आपल्याकडची ही कात्री मला तेव्हापासून खटकते. चारच गोळ्या पाहिजेत म्हणून चारच घेतो, बरोबर आहे, पण नाव, एक्स्पायरी, बॅच नंबर सगळं त्या कात्रीच्या पलीकडे. शेवटी मेडिकलला फोन लावला, त्याला तोंडपाठ होतं, "काकांची नेहमीची ना, नॉरफ्लॉक्सॅसिन टिनिडॅझोल." नेहमीची! प्रिस्क्रिप्शन कुठल्याशा जुन्या काळातलं, एकदा लिहून दिलेलं, त्यानंतर लग्नागणिक आपलं आपणच चाललेलं.

म्हणजे साखळी अशी होती की लग्न, मग जेवण, मग पोट, मग गोळी, मग डाग. आणि घरच्यांनी त्यातली पहिली कडी पकडून ठेवली आणि चौथी कुणाला दिसलीच नाही, कारण औषध हे बरं करणारं असतं, ते संशयितांच्या यादीत येतच नाही.

याला म्हणतात फिक्स्ड ड्रग इरप्शन. दर वेळी त्याच जागी, म्हणून फिक्स्ड. लुई ब्रॉक नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९४ साली याला हे नाव दिलं, तेव्हा अँटिबायोटिक जन्मालाही आलेली नव्हती, त्यानं बघितलं होतं ते अँटिपायरीन नावाच्या तापावरच्या औषधानं आलेलं. आता आपल्याकडे जी नावं जास्त ऐकू येतात ती म्हणजे को-ट्रायमॉक्सॅझोलसारखी सल्फाची औषधं, डॉक्सीसायक्लिनच्या घरातली, नॉरफ्लॉक्सॅसिन-सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घरातली, मेट्रोनिडॅझोल-टिनिडॅझोल-ऑर्निडॅझोल ही जुलाबवाली मंडळी, आणि काही वेदनाशामक गोळ्या. आत काय होतं ते त्या डॉक्टरनं मामाला असं समजावलं की पहिल्यांदा डाग आला तेव्हा शरीराच्या संरक्षक पेशींपैकी काही, टी सेल्स, त्या जागीच मुक्कामाला राहिल्या. त्या कुठे जात नाहीत. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी वर्षानुवर्षं बसून असतात, आणि तेच औषध रक्तातून परत आलं की अर्ध्या तासात म्हणा किंवा काही तासांत म्हणा, तिथल्या तिथे हल्ला करतात, आणि मार खातात त्या आपल्याच कातडीच्या पेशी. त्यात रंगद्रव्य खाली सांडतं आणि काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. दर खेपेला डागांची संख्या वाढू शकते. आणि फार ताणलं तर अंगभर मोठमोठे फोड येऊन दवाखान्यात भरती व्हायची पाळी येते.

हातावरचा तो पेनाचा गोल होता तो डाग पुढं वाढतो का ते बघायला. नाही वाढला.

पुस्तकातल्या फोटोंत म्हणे हे सगळं लालभडक दिसतं, कारण फोटो गोऱ्या लोकांचे. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली अशी दिसतच नाही, ती जांभळट, राखाडी, काळपट दिसते, आणि मग त्याला वांग म्हणतात, तंबाखू म्हणतात, किंवा मामीसारखं सिगारेट म्हणतात. तिसऱ्या डागाचं तर विचारूच नका. हा प्रकार ओठांइतकाच पुरुषांच्या गुप्तांगावर येतो, अगदी नेहमीची जागा आहे ती, आणि तिथं गोल लाल व्रण दिसला की माणूस आधी घाबरतो, मग लपवतो, मग कुणा भलत्याच्या जाहिरातीवर जातो. बायकोला दिसलं तर तिच्या मनात काय येणार ते सांगायला नको. आपल्याकडे किती घरांत यावरून अबोला झाला असेल देव जाणे, आणि कारण काय तर जुलाबाची गोळी. मामानं तो डाग सातआठ वर्षं कुणाला दाखवला नव्हता. डॉक्टरनं स्वतःहून विचारलं तेव्हा त्याचा चेहरा असा काही सुटला की मामीसुद्धा गप्प झाली.

बरं, त्या गोळीत औषधं दोन. या जोडगोळ्यांचं आपल्या देशाला भारी प्रेम. एकाच गोळीत बॅक्टेरिया पण मरतील, अमिबा पण मरेल, कशाला तपासत बसा. सरकारनं २०१६ साली अशी ३४४ मिश्रणं बंद करायचा आदेश काढला, कंपन्या कोर्टात गेल्या, मग २०१८ मध्ये पुन्हा तपासून ३२८ मिश्रणांवर बंदी आली, तरी बाजारात अजून भरपूर आहेत. मला यातलं वैद्यकशास्त्र पूर्ण कळतं असा माझा दावा नाही, पण रिॲक्शन आलेल्या माणसाच्या बाजूनं बघितलं तर अडचण साधी आहे, दोघांपैकी चोर कोण? मामाला दोन्ही बंद केली, आणि दोघांची भावंडं पण जपूनच घ्या म्हणून सांगितलं, म्हणजे एका चोरापायी दोन घरं वाळीत.

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट आमच्याच घरात आहे. माझी मावसबहीण. तिला पेनिसिलीनची ॲलर्जी आहे हे आम्हाला तिच्या जन्मतारखेच्या आधी पाठ असेल. शाळेत असताना घसा आला, ताप आला, पेठेतल्या डॉक्टरांनी गुलाबी सिरप दिलं, ॲमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलीनच्याच घरातलं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पोटावरून पुरळ सुरू होऊन अंगभर गेलं. आठवड्यात ओसरलं. ना सूज, ना श्वासाला त्रास. पण मावशीनं सांगायला सुरुवात केली आणि दर दिवाळीला गोष्ट थोडी थोडी मोठी होत गेली, आधी खाज होती, मग डोळे सुजले होते, हल्लीच्या आवृत्तीत श्वास बंद झाला होता आणि रिक्षा मिळत नव्हती. लाल पेनानं लिहिलेल्या ‘पेनिसिलीनची ॲलर्जी’ या ओळीसकट तिची फाईल दवाखान्या-दवाखान्यांतून फिरत राहिली आणि दर वेळी तिला साध्या औषधाऐवजी कुठलं तरी जड, महागडं, पोट बिघडवणारं औषध मिळत राहिलं.

तर हिचं मागे पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं (पित्त आमच्या खानदानाची पाठ काही सोडत नाही), आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, नक्की काय झालं होतं? कितव्या दिवशी? चट्टे सरकत होते का एका जागी होते? फोड आले होते? तोंडात काही? म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ॲलर्जी आहे का असं न विचारता काय झालं होतं असं विचारलं. आणि मग तिला ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे पाठवलं.

अमेरिकेत साधारण दर दहा माणसांत एकाच्या कागदावर पेनिसिलीनची ॲलर्जी लिहिलेली असते, आणि नीट तपासलं तर त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना ते औषध बिनधास्त चालतं. काहींना मुळात ॲलर्जी नव्हतीच, विषाणूचं पुरळ होतं. एपस्टाईन-बार नावाचा एक विषाणू आहे, त्याच्या तापात घसा असा काही लाल होतो, गळ्याच्या गाठी अशा सुजतात की बॅक्टेरियाच वाटावेत, मग ॲमॉक्सिसिलिन दिलं जातं आणि त्यातल्या बऱ्याच मुलांच्या अंगावर पुरळ उमटतं, पण नंतर कधी तेच औषध दिलं तर बहुतेकांना काही होत नाही. आणि ज्यांना खरी, लगेच होणारी ॲलर्जी होती त्यांच्यातही दहा वर्षांत ऐंशी टक्के लोकांची ती विरून जाते. म्हणजे शरीर विसरतं, मावशी विसरत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पेनिसिलीनच्या इंजेक्शनची धास्ती. टेस्ट डोस देऊनही माणूस गेला अशा ऐकीव गोष्टी इतक्या, की कितीतरी दवाखान्यांनी ते इंजेक्शन ठेवणंच सोडून दिलं. आणि ज्या मुलांच्या हृदयाच्या झडपा सांधेतापानं खराब झालेल्या असतात त्यांना तर ते दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षं लागतं. त्यांनी कुठं जायचं?

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या घरांत खऱ्या रिॲक्शनची नोंद नसते आणि नसलेल्या रिॲक्शनची आयुष्यभर असते. मामाच्या ओठावर पुरावा उघडा होता आणि कुठल्याही कागदावर एक ओळ नव्हती, बहिणीच्या अंगावर काही नव्हतं आणि फाईल लाल झाली होती.

इथपर्यंत सगळं हसून सांगता येतं. पण माझी एक शाळेतली मैत्रीण सिस्टर आहे, पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, बरीच वर्षं बर्न्स वॉर्डला होती, तिला मामाची गोष्ट सांगितली तर ती हसली नाही. म्हणाली, आमच्याकडे न भाजलेले पेशंट पण येतात. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. नाव दोन अमेरिकन बालरोगतज्ज्ञांचं, १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी दोन मुलांचं वर्णन केलं होतं, ताप, अंगभर चट्टे, तोंड आणि डोळे सोललेले. याचंच मोठं रूप १९५६ मध्ये ॲलन लायल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं मांडलं, उकळतं पाणी पडल्यासारखी कातडी सुटून येते असं. अंगाच्या दहा टक्क्यांपर्यंत कातडी सुटली तर पहिलं नाव, तीस टक्क्यांच्या वर गेली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, मधलं ते मधलं. मोठ्या रूपात दर तिघांतला एक जण दगावू शकतो. होतं मात्र फार क्वचित, दहा लाख लोकांत वर्षाला जेमतेम दोन ते सहा-सात, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून वर्षभराचे सगळे पेशंट पीएमपीच्या एका बसमध्ये मावतील. कारणांत सल्फाची अँटिबायोटिक्स वरच्या नंबरला, त्यांच्या जोडीला फिटची काही औषधं, युरिक ॲसिडचं ॲलोप्युरिनॉल. फिटच्या कार्बामॅझेपिनच्या बाबतीत तर २००४ साली तैवानमध्ये सापडलं की एचएलए-बी १५:०२ ही विशिष्ट जनुकीय खूण असलेल्यांना हा धोका कित्येक पटींनी जास्त असतो.

मैत्रीण सांगत होती की या पेशंटला चिकटपट्टी लावता येत नाही. सलाईनची सुई धरून ठेवायला पट्टी लावली की काढताना कातडी तिच्याबरोबर येते. बीपीचा पट्टा सुद्धा खाली कापड घालून. कूस बदलायची तर चार जणी लागतात आणि कुणी ओढायचं नाही, उचलायचं. चादर पाठीला चिकटते, म्हणून त्यांच्या वॉर्डात केळीची पानं वापरायचे. मंडईतून गठ्ठा यायचा, पानं धुवायची, मधला दांडा काढायचा, निर्जंतुक करायची आणि पेशंटच्या अंगाखाली अंथरायची. पानाचा तो मेणचट पृष्ठभाग जखमेला चिकटत नाही, गार लागतो, आणि कुठलंही भारीचं परदेशी ड्रेसिंग घ्यायला पैसे नसलेल्या माणसाला परवडतो. हा काही घरगुती उपाय नव्हे हां, मुंबईत सायनच्या महापालिकेच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी भाजलेल्या पेशंटवर याचा रीतसर अभ्यास करून २००३ मध्ये छापला आहे. तरी घरी कुणी असले प्रयोग करू नका. दर दोन तासांनी डोळे धुवायचे, औषध घालायचं, पापण्या बुबुळाला चिकटू द्यायच्या नाहीत. कातडी दोनतीन आठवड्यांत परत येते म्हणे, बऱ्याचदा व्रणसुद्धा राहत नाही, नुसते काळे-पांढरे पट्टे राहतात, पण बऱ्याच जणांचे डोळे कोरडे पडतात ते कायमचे, आणि त्याचं दुखणं आयुष्यभर चालतं.

तिला विचारलं की सुरुवातीला कळतं कसं? ती म्हणाली, "खाजतंय म्हणाला तर मी जरा निवांत असते. दुखतंय, आग होतेय म्हणाला की मी पळते." नवीन औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी ताप, डोळ्यांची जळजळ, गिळताना घसा दुखणं, तोंडात फोड, आणि मग कातडी हात लावला तरी हुळहुळणं, अशा क्रमानं ते येतं. घात इथंच होतो, कारण ताप आणि घसा म्हटल्यावर लोक काय करतात, अजून एक अँटिबायोटिक आणतात, किंवा तेच औषध कोर्स पूर्ण करायचा म्हणून नेटानं घेत राहतात. औषध जितकं लवकर थांबेल तितका जीव वाचायची शक्यता जास्त. (तिच्या त्या वाक्याला मीच एक पुरवणी जोडते, नुसती खाज असली तरी ओठ-जीभ सुजत असेल किंवा श्वास लागत असेल तर निवांत बसायचं नाही, ती वेगळीच इमर्जन्सी.)

आणि मुळात गोंधळ होतो तो दिवसांच्या हिशोबात. आपण काल काय खाल्लं ते आठवतो. काल वांगं, काल शेंगदाण्याची चटणी. पण पित्तासारख्या गांधी औषधानं मिनिटांत-तासांत येतात, ताप येऊन अंगभर पांढऱ्या पुवाच्या टाचणीएवढ्या पुटकुळ्या येण्याचा एक प्रकार आहे तो एकदोन दिवसांत, साधं लाल पुरळ पहिल्यांदा आठवड्याच्या आसपास, स्टीव्हन्स-जॉन्सन चार दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत, आणि चेहरा सुजून लिव्हरपर्यंत पोचणारा ड्रेस नावाचा प्रकार तर दोन ते आठ आठवड्यांनी. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन असं महिन्याभरानं डाव साधतं. दोन महिन्यांपूर्वीची गोळी कुणाला आठवणार, आणि तीही कात्रीनं कापलेली!

काही वेळा तर ॲलर्जीही नसते. आमच्या ऑफिसातला एक जण पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन घेत होता आणि भर एप्रिलमध्ये सिंहगड चढून आला, नाक आणि हाताचे पंजे असे भाजले की पिशवी धरवेना. त्या औषधानं कातडी उन्हाला हळवी होते, बस. टोपी आणि छत्री एवढाच उपाय. पण गडावर जाताना छत्री घेतली तर मित्र काय म्हणतील.

नोंदीची सोय नाही असं नाही. २०१० पासून भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम आहे, गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो, १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल फ्री नंबर, आणि डॉक्टरच पाहिजे असं नाही, पेशंट स्वतः कळवू शकतो, मराठीत फॉर्म आहे. अशाच नोंदी तपासून २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावध केलं होतं, त्यानं ड्रेस होऊ शकतो म्हणून. २०१४ पासून बऱ्याच अँटिबायोटिक्सना एच-वन चा नियम लागू आहे, म्हणजे मेडिकलवाल्यानं डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची. आता मामाच्या मेडिकलवाल्याची वही काय म्हणते ते मी विचारलं नाही, शेजारधर्म असतो.

मामाला त्या डॉक्टरनं एक कार्ड लिहून दिलं, दोन्ही औषधांची नावं मोठ्या अक्षरात, मराठी आणि इंग्रजीत. ते तो पाकिटात नातवाच्या फोटोच्या पुढं ठेवतो आणि लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्याला काढून दाखवतो. पोट अजूनही बिघडतं, पण आता मीठ-साखरेचं पाणी आणि ओआरएस, आणि बासुंदी परत सुरू झाली आहे, दोन वाट्या. ओठाचा डाग बराच फिका झालाय पण पूर्ण जाईल असं डॉक्टर म्हणाली नव्हती. मामीनं सिगारेटच्या आरोपाबद्दल माफी मागितलेली नाही, ती म्हणते ओठाचं कारण सापडलं, शर्टाच्या वासाचं कुठं सापडलंय.

बहिणीची तपासणीही झाली. आधी कातडीवर टोचून बघितलं, काही उठलं नाही, मग तिथंच बसवून ॲमॉक्सिसिलिनचा थोडा डोस, मग पूर्ण, शेजारी इंजेक्शन आणि ऑक्सिजन तयार ठेवून. ज्यांना फोड, कातडी सुटणं, तोंड-डोळे सोलणं असलं काही झालेलं असेल त्यांच्यावर असं औषध परत देऊन बघायचं नसतं, हे त्या डॉक्टरांनी आधीच नीट विचारून घेतलं होतं. ही मोबाईलवर सिरियल बघत बसली होती. काही झालं नाही. लेखी रिपोर्ट मिळाला, सही-शिक्क्यासकट.

तो रिपोर्ट मावशीला दाखवला तर तिनं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "यांना काय माहिती, मी होते तिथं." ऑपरेशनच्या दिवशी ॲडमिशनचा फॉर्म भरताना बहिणीनं ॲलर्जीच्या रकान्यात नाही असं लिहिलं आणि ती डिपॉझिट भरायला काउंटरवर गेली, तेवढ्यात मावशीनं पेन मागून घेतलं.